हिरव्या मस्टँगवरचा हात

उत्तम लोहारला दुसऱ्याचं चांगलं झालेलं बघवत नाही, असं कुणी म्हटलं तर तो निव्वळ खोटा आळ ठरेल. मेव्हण्यानं बंगला बांधला, शेजारच्या पोरीला जर्मनीत नोकरी लागली, समोरच्या पानवाल्यानं दुसरं दुकान टाकलं. उत्तमला काडीचं वाईट वाटलं नाही. उलट पेढे मागून खाल्ले त्यानं. त्याची सगळी जळजळ एकाच माणसासाठी राखून ठेवलेली होती, आणि ती इतकी भरपूर होती की बाकी कुणाच्या वाट्याला काही उरतच नव्हतं. त्या माणसाचं नाव सर्जेराव चौगुले.

दोघं कोल्हापूरचे. दोघांचा धंदा एकच, गाड्यांचं पत्रेकाम. दोघं कासीमवस्तादांच्या हाताखाली शिकलेले, तेही एकाच वर्षी, पंधरा-पंधरा वर्षांचे असताना. आता दोघंही त्रेसष्टीला आले होते. पण उत्तम अजून उद्यमनगरातल्या पत्र्याच्या शेडमध्ये घाम गाळत होता आणि सर्जेरावचा हसरा फोटो शहरात शिरताना वीस फुटी फलकावर दिसत होता. उत्तम तेवढ्यासाठी दुसऱ्या रस्त्यानं शहरात यायचा. दोन किलोमीटरचा वळसा पडायचा, पण पडू दे.

सर्जेरावचं हे नशीब उघडलं ते पारखीमुळे.

पारखी म्हणजे शिलाई मशीनएवढं एक यंत्र. पत्रा आपल्याला एकसंध दिसतो, पण आत तो बारीक बारीक स्फटिकांचा बनलेला असतो. हातोडीचा ठोका बसला की ते स्फटिक सरकतात, दबतात, एकमेकांत अडकतात, आणि तो ताण कायमचा आत राहतो. वरून पुट्टी भरा, रंगाचे दहा हात द्या, तो काही जात नाही. गॅसनं तापवून घालवायला जावं तर तापवल्याची खूण मागे राहते. पारखी पत्र्यात क्ष-किरण सोडून हा ताण टिपायची आणि त्याचा नकाशा काढायची: कुठला ठोका किती जोराचा, किती तिरका, आधी कुठला, मागून कुठला. माणसाचं अक्षर ओळखू येतं तसा त्या नकाशात माणसाचा हात ओळखू यायचा.

पारखी निघाली तेव्हा पेट्रोलच्या गाड्या रस्त्यावरून जाऊन सहा वर्षं झाली होती. उरल्या त्या शौकिनांच्या, लिलावात घ्यायच्या आणि काचेच्या खोलीत ठेवायच्या. पारखी आली आणि या बाजारात आधी हाहाकार उडाला. 'कारखान्यातून निघाली तशी आहे' म्हणून कोटी-कोटींना घेतलेल्या गाड्यांचे पत्रे मागाहून ठोकलेले निघाले. भाव धाडकन खाली आले. मग शौकिनांनी विचार केला, की ठोकलेलीच आहे तर निदान कुणी ठोकली ते तरी बघू. चित्र घेताना चित्रकार बघतात, मग गाडी घेताना कारागीर का बघू नये? झालं! बाजार पुन्हा उठला, आणि आता भाव गाडीइतकाच हाताचा होऊ लागला. नोंदवलेल्या हातांमध्ये पहिला नंबर सर्जेराव चौगुल्याचा. त्याच्या हाताची गाडी असली तर मूळ भावाच्या दहापट किंमत यायची.

उत्तमनं हे सगळं आठ वर्षं कुढत बघितलं होतं. पण त्याच्याकडेही एक गाडी होती. एकोणसत्तर सालची मस्टँग. साठ-सत्तरच्या दशकात अमेरिकेत या गाड्या निघाल्या, त्यांना मसल कार म्हणतात; बेताचं अंग आणि त्यात भलंमोठं आठ सिलिंडरचं इंजिन, म्हणजे तालमीतला पैलवानच. निपाणीच्या एका तंबाखूवाल्यानं ती कधीकाळी हौसेनं आणवली आणि मग गोदामात सडवली. उत्तमनं ती भंगाराच्या भावात उचलली आणि सहा वर्षं राबून उभी केली. बोनेट तर गंजून चाळण झालेलं होतं. ते त्यानं सपाट पत्र्यापासून हातानं घडवलं, मधल्या फुगवट्यासकट. वर गर्द हिरवा रंग दिला. नंतर कितीतरी जण मागायला आले, पण त्यानं ती विकली नाही.

"आता तरी इका," त्याची बायको मालन म्हणाली. "माझं गुडघं गेलं, तुमचा डोळा गेला. शेडमधी ठेवून काय तिला पोरं व्हणार हायत?"

मालनपुढे शेवटी उत्तम नमला. त्यानं पुण्याच्या लिलाव कंपनीला कळवलं आणि गार्गी खोत नावाची इंजिनियर मुलगी पारखी घेऊन शेडमध्ये आली.

तिनं दोन तास यंत्र फिरवलं. मग पडद्याकडे बघून ती जाग्यावर उडालीच.

"काका! तुम्ही बोलला नाहीत ते! अहो, ही चौगुल्यांची आहे!"

"कुणाची?"

"सर्जेराव चौगुले. अठ्ठ्याण्णव टक्के जुळतोय हात. आणि हे बोनेट! मी त्यांच्या सगळ्या गाड्या बघितल्यात, असं बोनेट एकीचंही नाही. नऊ कोटी कुठे गेले नाहीत, काका. वरच जाईल."

मालननं तिला आकडा पुन्हा म्हणायला लावला. 

"त्या सुक्काळीच्यानं ह्या गाडीला बोट लावलेलं न्हाई!" उत्तम ओरडला. "सहा वर्सं मी ठोकलीय ती. एकट्यानं!"

गार्गी समजूतदार होती. तिनं कोरा पत्रा मागवला आणि म्हणाली, "काका, यावर तुम्ही ठोका. आपण तुमचा हात नोंदवून टाकू, मग काही प्रश्नच नाही." उत्तमनं अर्धा तास मन लावून पत्र्याला खोलगट वाटीचा आकार दिला. गार्गीनं तो पारखीखाली धरला. पडद्यावर नाव आलं: सर्जेराव चौगुले, अठ्ठ्याण्णव टक्के.

तिनं पुन्हा करून बघितलं. तेच. शेवटी तिनं हळूच विचारलं, "काका, तुमचा ठोका पहिल्यापासून असाच होता का?"

 उत्तमला सगळं आठवलं. आठवायचं कशाला, तो ते विसरलाच कधी होता?

कासीमवस्ताद दुपारी दाराकडे तोंड करून चहा प्यायचे. मागे पोरं ठोकत असायची. वस्ताद मान न वळवता नुसत्या आवाजावरून सांगायचे, हा अमका, हा तमका. सर्जेरावचा ठोका सुरू झाला की त्यांचा कप हवेतच थांबायचा. तीन बारीक आणि एक लांब, तीन बारीक आणि एक लांब. "वा सर्ज्या," ते म्हणायचे. "पत्र्याशी बोलतोस रे पोरा." उत्तमच्या ठोक्यावर ते चहा पीत राहायचे.

उत्तम सतरा वर्षांचा झाला तरी हे असंच. मग त्यानं सर्जेरावचा ठोका चोरायला घेतला. मनगट कुठं वळतं, कोपर कुठं थांबतं, श्वास कधी सुटतो, सगळं टिपून घरी जाऊन जुन्या डब्यांवर गिरवलं. दोन वर्षं गिरवलं. आणि एका दुपारी सर्जेराव बाहेर गेलेला असताना उत्तम ठोकत होता, तेव्हा वस्तादांचा कप हवेत थांबला. "वा सर्ज्या," वस्ताद म्हणाले.

त्या दिवशी आनंदाच्या भरात उत्तमला जेवण सुचलं नाही. बघा, खुळं पोरगं ते! आपल्याला दुसऱ्याच्या नावानं शाबासकी मिळाली याचा त्याला आनंद झाला. आपला स्वतःचा ठोका कसा होता ते त्यानंतर त्याला कधी आठवलं नाही.

"नियम एक आहे," गार्गी सांगत होती. "यंत्राला दोन हात वेगळे ओळखता आले नाहीत, तर दोन्ही कारागिरांनी मिळून लिहून द्यायचं, की हे काम अमक्याचं. मग तुमच्या नावानं नोंद होईल. पण काका, तुमचा हात बाजाराला माहीत नाही. मग ही गाडी ऐंशी लाखांना जाईल. फार तर नव्वद."

"आणि काय बोललोच न्हाई तर?"

"तर नऊ कोटी. गाडी तुमचीच आहे, पैसे तुम्हालाच मिळणार. फक्त काम चौगुल्यांचं म्हणून लागेल."

ती गेल्यावर मालननं तोंड सोडलं. "आवं, डोकं ठिकाणावर हाय का? नऊ कोटी! नाव काय चाटायचंय? आयुष्यभर नाव नाव करून शेडचं भाडं तरी भागलं का कधी?"

"त्याच्या नावावर इकू? माझी सहा वर्सं?"

"त्याच्या न्हाई, त्याच्या बापाच्या नावावर इका! घर होतंय, गुडघं होत्यात. तो सर्ज्या काय तुमच्या ताटात जेवाय येणार हाय?"

तिचं चुकत होतं असं नाही. पण उत्तमला डोळ्यांसमोर नुसता तो फलक दिसत होता आणि फलकावर सर्जेरावच्या शेजारी हिरवी मस्टँग. तो त्या दिवशी दोनदा जेवायला बसून उठला. तिसऱ्या दिवशी त्यानं फोन उचलला आणि सतरा वर्षांत पहिल्यांदा सर्जेरावशी बोलला. "एका कागदावर सही पायजे," एवढंच म्हणाला.

सर्जेराव दुसऱ्याच दुपारी स्वतः आला. पांढरे कपडे, बोटात अंगठ्या, पण चालताना तो तसाच, एका बाजूला कललेला. "काय रं उत्त्या," तो म्हणाला. उत्तमनं कागद पुढे केला. सर्जेरावनं तो वाचला आणि खिशात ठेवला. "आधी गाडी बघू दे."

त्यानं अंगठ्या काढून मालनच्या हातात दिल्या. खिशातून मलमलचा रुमाल काढून बोनेटवर पसरला आणि त्यावरून तळहात फिरवायला लागला. पत्रेकामातली ही जुनी रीत. डोळ्याला न दिसणारा खड्डा मलमलीवरून तळव्याला कळतो. डोळे मिटून सर्जेराव हात फिरवत राहिला. फुगवट्यावरून गेला, खाली उतरला, परत वर गेला. पाच मिनिटं झाली, दहा झाली. उत्तम दात आवळून उभा होता. आता हा खोड काढणार, म्हणणार की इथं जरा दबलंय, असं त्याला वाटत होतं.

सर्जेरावनं डोळे उघडले तेव्हा ते भरलेले होते.

"मी सही करत न्हाई," तो म्हणाला.

"का? तू हिला हात लावलायस?"

"न्हाई लावला. त्येच तर." सर्जेरावनं रुमालाची घडी केली, मोडली, परत केली. "उत्त्या, माझ्या नावावर एकतीस गाड्या हायत. एकीचं बोनेट असं न्हाई. मला जमलंच न्हाई कधी. ठोका माझा, पर तो ह्या जाग्याला तूच न्हेलास. लोकं मला मोठा म्हणत्यात, तवा माझं मला कळतंय की अजून एक पायरी ऱ्हायली. ती पायरी हितं ह्या शेडमधी हाय, हे मला आज कळलं. आता मला झोप यायची न्हाई बघ." त्यानं चक्क हात जोडले. "एवढी एक माझ्या नावावर ऱ्हाऊ दे. पैसं सगळं तुझं. मला छदाम नको. फकस्त काम माझं म्हणू दे."

उत्तम लोहारच्या आयुष्यातला तो सर्वांत गोड क्षण होता, खोटं कशाला सांगू? ज्याच्यासाठी तो पंचेचाळीस वर्षं जळला, तो आज त्याच्यावर जळत होता, आणि ते तोंडानं कबूल करत होता. उत्तमला वाटलं, वस्ताद असते तर! त्यानं सर्जेरावला थोडा वेळ तसंच ताटकळत ठेवलं. मग भिकाऱ्याला चार आणे टाकावेत तसं म्हणाला, "जा. ठेव तुझ्याकडं."

मालननं देवापुढे साखर ठेवली.

पुण्याच्या लिलावाला उत्तम आणि मालन मागच्या रांगेत बसले. मस्टँग फिरत्या चौथऱ्यावर दिव्याखाली आली आणि सगळं सभागृह 'अहाहा' म्हणालं. लिलाव पुकारणाऱ्यानं सांगितलं, "हात, सर्जेराव चौगुले. पारखीची खात्री अठ्ठ्याण्णव टक्के." बोली सहावर सुरू झाली आणि बघता बघता नऊ कोटी चाळीस लाखांवर हातोडा पडला. टाळ्यांचा कडकडाट झाला. पहिल्या रांगेतून सर्जेराव उठला आणि त्यानं सगळ्यांना नमस्कार केला. मागच्या रांगेकडे मात्र त्यानं बघितलं नाही. उत्तम मनात म्हणाला, घे, घे टाळ्या. तुला माहीत आहे त्या कुणाच्या आहेत ते.

चहाच्या टेबलापाशी सर्जेराव त्याला शोधत आला. चेहरा पडला होता.

"उत्त्या, घेणारा शेट हैदराबादचा हाय. त्याला हिची जोडी पायजे. तसंच बोनेट. पाच कोटी मजुरी देतो म्हणतोय, सगळ्यांच्या देखत बोलला. मी न्हाई कसा म्हणू?"

"मग दे की करून."

"मला जमणार न्हाई, तुला ठाऊक हाय. तू कर. पाचाच्या पाच तूच घे."

उत्तमनं चहाचा घोट घेतला. या वाक्याची चव त्यानं सावकाश घेतली. "असं कसं, सर्जेराव? हात तर तुमचाच हाय. पारखी सांगतीया, अठ्ठ्याण्णव टक्के. कर की! मार ठोका!"

सर्जेराव रागावला नाही. 

"बरं, नको करूस," तो म्हणाला. "मी शेटला सांगतो, वय झालं. पर उत्त्या, तू गावाकडं गेलास की हातोडी उचलशीलच. त्याबिगर तुला करमायचं न्हाई. आणि तू जे ठोकशील ते माझंच ठरंल. मी घरात बसून ऱ्हायलो तरी. मला त्याचं सुख न्हाई, पर तसंच हाय ते."

तो टोमणा नव्हता. म्हणूनच उत्तमला तो आरपार लागला. परतीच्या गाडीत मालन घराच्या खोल्या मोजत होती, देवघर कुठं, ओटा कुठं. उत्तम खिडकीतून बाहेर बघत होता. भिकाऱ्याला चार आणे टाकले असं वाटलं होतं, आणि देऊन बसला होता सगळा हात!

पैसे आले. घर झालं, मालनचे गुडघे नवे झाले, ती जिना चढून दाखवायला लागली. उत्तम मात्र शेडमध्ये जाऊन नुसता बसायचा. हातोडी उचलली की मनगट आपोआप वळायचं, तीन बारीक आणि एक लांब. तो हातोडी खाली ठेवायचा. शेवटी एक दिवस त्याला स्वतःचाच संताप आला. "आयला, मरेपर्यंत ह्याच्यासाठीच ठोकू काय!" म्हणत त्यानं भंगारातला पत्रा ओढला आणि मनगट वळू न देता ठोकायला लागला. पत्रा फाटला. दुसरा घेतला. तो चेपला. त्रेसष्ट वर्षांचा वस्ताद माणूस, पण बोटावर ठोका मारून घ्यायला लागला. आठवड्याभरात दोन नखं काळी पडली. मनगट सारखं जुन्या वाटेनं जायला बघायचं आणि तो त्याला शिव्या देत परत आणायचा. असं तीन महिने चाललं.

चौथ्या महिन्यात मालन डबा घेऊन आली तेव्हा तो एक वाटी उलटसुलट करून बघत होता. वाटी एका बाजूला फुगलेली, काठ वेडावाकडा झालेला.

"अगं बाई! ह्ये काय केलंया? पहिल्या दिवसाचं पोरगंबी बरं करंल."

"व्हय," उत्तम म्हणाला, आणि ती वाटी त्यानं पुठ्ठ्यात बांधून पुण्याला गार्गीकडे पाठवून दिली.

चार दिवसांनी तिचा निरोप आला. मालननंच तो मोठ्यानं वाचून दाखवला. "काका, हा हात आमच्या नोंदीत कुणाशीच जुळत नाही. चौगुल्यांशी सात टक्केसुद्धा नाही. काम अगदी नवशिक्याचं आहे, बाजारात याला काही किंमत यायची नाही. कुणी पोरगा ठेवलाय का शिकायला?"

उत्तमनं तिच्या हातातून फोन घेतला. वाक्य न् वाक्य पुन्हा वाचलं. मग काळ्या पडलेल्या नखाच्या बोटानं एकेक अक्षर दाबत त्यानं उत्तर लिहिलं.

"नोंद करून घ्या, ताई. नाव: उत्तम दत्तात्रय लोहार."